नाशिकला कामानं जाताय? जुनी नाणी कुठं दाखवायची, काय बघायचं

टोमॅटोची गाडी बाजार समितीत खाली झाली तरी पट्टी हातात यायला वेळ लागतो. कुणाची कोर्टात तारीख असते, कुणाचा पेशंट सिव्हिलला असतो. कामानं नाशिकला गेलेल्या माणसाला दोन-तीन तास मोकळे मिळतातच. आजीच्या डब्यात जुनी नाणी असतील तर तेवढ्या वेळात त्यांची खरी किंमत कळू शकते.

आधी मोबाईलचं बघू. 'ट्रॅक्टरवाली पाचची नोट द्या, लाखो रुपये घ्या' असे मेसेज गावोगाव फिरतात. समोरचा मोठा भाव सांगतो, मग नोंदणी, टॅक्स, कमिशन म्हणून आधी पैसे मागतो. पैसे गेले की फोन बंद. आपण असे व्यवहार करत नाही, त्यासाठी फी घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. विकणाऱ्याकडंच कुणी पैसे मागितले की फसवणूक समजायची. पैसे गेलेच तर लगेच १९३० नंबरला फोन करायचा.

किंमत कशी ठरते?

राणीछाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी जवळपास ९२ टक्के. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाहीच. म्हणून आधी साल बघा.

सराफ बाजारात नाणं वजनावर जातं. जुनी नाणी घेणारा दुकानदार साल, टांकसाळीची खूण आणि झीज बघतो. सराफाकडून आधी चांदीचा भाव विचारून घ्या, म्हणजे त्याच्या खाली कुणी मागितलं तर लगेच कळतं. मग निदान दोन दुकानं फिरा. विकलंच तर पावती घ्या. घरून निघताना चिंच नाहीतर राख लावून नाणं घासू नका. घासलेल्या नाण्याचा भाव पडतो. राम-सीतेचं चित्र आणि '१८१८' साल असलेली 'कंपनीची' नाणी कंपनीनं कधी काढलीच नव्हती. त्यावर लाखांची आशा धरू नका.

वेळ उरला तर

मुंबई-आग्रा रोडला पांडवलेणी आहे. तिथल्या एका शिलालेखात क्षत्रप नहपानाच्या जावयानं दानाचा हिशेब कोरून ठेवलाय: ३५ चांदीच्या कार्षापणांना एक सुवर्ण. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा हा नाण्यांचा भाव. त्याच नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात, जोगलटेंभीला सापडली. नहपानाला हरवल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीनं त्यातल्या बहुतेक नाण्यांवर आपला छाप मारला होता.

त्र्यंबक रोडला अंजनेरीजवळ नाण्यांच्या अभ्यासाची संस्था १९८० मध्ये सुरू झाली. तिथं नाण्यांचं संग्रहालय आहे. जायच्या आधी फोनवर वेळ विचारून घ्या.

नांगराला नाणी लागली तर?

ती विकायला नेऊ नका. १८७८ च्या कायद्यानं जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर आपला हिस्सा जातो, शिवाय शिक्षा होऊ शकते. कळवलं आणि दुसरा मालक निघाला नाही, तर सापडवणाऱ्याचा हक्क कायद्यानंच धरलेला आहे. म्हणून आधी तहसील कार्यालय गाठा, लेखी कळवा आणि पोहोच घ्या.