चरित्र अभिनेत्री आणि नाट्यसंहिता : सुलभा देशपांडे यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

मराठी नाट्यसमीक्षा ही प्राधान्याने संहितेची समीक्षा राहिली आहे. नाटककाराची जीवनदृष्टी, कथानकाची घडण, व्यक्तिरेखांचे अंतरंग यांचे विवेचन करताना समीक्षक प्रयोगाकडे वळतो तो बहुधा शेवटच्या परिच्छेदात, आणि तेथेही नटाच्या वाट्याला ‘भूमिकेस न्याय दिला’ एवढेच वाक्य येते. संहिता आधी पूर्ण होते व नट ती नंतर उच्चारतो, असे या पद्धतीत गृहीत धरलेले असते. सुलभा देशपांडे (१९३७-२०१६) यांची कारकीर्द या गृहीतकाला छेद देणारी आहे.

प्रथम संज्ञेविषयी. सुलभाबाईंचा उल्लेख वृत्तपत्रांतून ‘चरित्र अभिनेत्री’ असा होत असे. ही संज्ञा हिंदी चित्रपटसृष्टीतून आपल्याकडे रूढ झाली. नायक-नायिका नसलेली, परंतु ठसठशीत अशी दुय्यम भूमिका करणारी व्यक्ती, असा तिचा व्यवहारातील अर्थ आहे. मराठीत मात्र ‘चरित्र’ म्हणजे आयुष्याची कहाणी. हा अर्थ मनात ठेवला तर संज्ञा अधिक अन्वर्थक वाटते. चार प्रवेशांच्या भूमिकेतून न दाखवलेले सबंध आयुष्य सुचवणे हेच अशा नटाचे काम असते. (ज्या भूमिकेने सुलभाबाईंचे नाव झाले तिच्यात चार लोकांपुढे मांडले जाते ते चारित्र्य, हा शब्दांचा योगायोगही नोंदवण्याजोगा आहे.)

दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या. विद्यार्थ्यांसाठी नाटके बसवताना त्यांनी विजय तेंडुलकरांकडे नाट्यलेखनाची मागणी केली आणि या परिचयातून पुढचे बरेच काही घडले. १९६०च्या सुमारास विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदी मंडळी ‘रंगायन’मध्ये एकत्र आली. सुलभाबाईही त्यांत होत्या. ‘रंगायन’च्या कार्याचे विवेचन यापूर्वी पुष्कळांनी केले आहे, येथे त्यातील एकाच नाटकापाशी थांबावयाचे आहे.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने उभे राहिले. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभाबाई. नाटकाच्या तिसऱ्या अंकात बेणारेचे जे दीर्घ स्वगत आहे, ते तेंडुलकरांच्या मूळ योजनेत नव्हते. तालमी चालू असताना सुलभाबाईंनी आग्रह धरला की सारा अंकभर गप्प बसवलेल्या या स्त्रीला एकदा तरी बोलू दिले पाहिजे. तेंडुलकर प्रथम राजी नव्हते; पुढे त्यांनी स्वगत लिहिले. ही हकीकत रंगभूमीच्या वर्तुळात सर्वश्रुत आहे. ती किस्सा म्हणून सांगितली जाते आणि किस्सा म्हणूनच सोडून दिली जाते. साहित्याच्या अभ्यासकाला ती तशी सोडून देता येणार नाही.

कारण तेंडुलकरांच्या नकारामागेही नाट्यविषयक विचार दिसतो. बेणारेने अखेरपर्यंत मौन पाळले असते तर खटल्याचे क्रौर्य उघडे राहिले असते. प्रेक्षकाला सुटकेचा निःश्वास टाकण्यासही जागा उरली नसती. उलट स्वगत आले की नाटक कैफियतीकडे झुकण्याचा धोका संभवतो. आज जी संहिता आपल्यापुढे आहे तिच्यात या दोन्ही भूमिकांची तडजोड दिसते, आणि ती तडजोड असामान्य आहे. काशीकर आरोपीला बचावासाठी दहा सेकंद देतात. बेणारे बोलू लागते तेव्हा बाकीची पात्रे जागच्या जागी थिजतात. स्वगत संपते, पात्रे हालू लागतात, आणि वेळ संपल्याचे जाहीर होते. म्हणजे बेणारे बोलली, पण कोर्टाच्या हिशेबी ती गप्पच राहिली. नटीचा आग्रह मान्य झाला आणि नाटककाराचे मौनही अबाधित राहिले. या स्वगताची चर्चा वर्गात ‘स्त्रीचा आक्रोश’ एवढ्यावर थांबते. त्याच्या रचनेतील हा पेच सहसा लक्षात घेतला जात नाही.

अभिनेत्रीपुढील प्रश्न यातूनच निर्माण होतो. हे बोलणे कुणाला उद्देशून आहे? थिजलेल्या माणसांना ते ऐकू येत नाही. प्रेक्षकांना उद्देशून म्हणावे तर ते भाषण होते. उत्तराची बीजे पहिल्या अंकात आहेत. तेथे बेणारे सामंताशी भडाभडा बोलते, गाते, सहकाऱ्यांच्या नकला करते, आपल्या वर्गातील मुलांविषयी अभिमानाने सांगते. वर्गावर वर्षानुवर्षे बोलण्याची सवय असलेल्या बाईची ती वाणी आहे. तिच्यात आनंद आहे तसा लपवालपवीचा घाईपणाही आहे. तिसऱ्या अंकातील स्वगत हे त्याच वाणीचे, आवरण गळून पडलेले रूप आहे. मामाशी जडलेले कोवळ्या वयातील प्रेम, पुढे प्रा. दामल्यांविषयीची भक्ती, पोटातील जिवासाठी जगण्याची इच्छा हे सारे ती सांगते ते वर्ग संपून मुले निघून गेल्यावर रिकाम्या बाकांपुढे बोलावे तसे. प्रस्तुत लेखकाला ही भूमिका याच अंगाने वाचावीशी वाटते. शाळेत शिकवणारी अभिनेत्री शाळेत शिकवणारी स्त्री साकारते, या साम्याला फाजील महत्त्व देऊ नये. तथापि बेणारेला बोलू द्यावे हे नेमके तिलाच का वाटले असेल, याचा विचार करताना ते पूर्णपणे बाजूला ठेवणेही कठीण आहे.

यानंतरचा टप्पा संस्थात्मक कार्याचा. १९७१ मध्ये ‘आविष्कार’ स्थापन झाली. १९७४ पासून तिचे प्रयोग छबिलदास शाळेच्या सभागृहात होऊ लागले आणि ‘छबिलदास चळवळ’ हे नाव रूढ झाले. ‘आविष्कार’ची बालरंगभूमी ‘चंद्रशाला’ हे सुलभाबाईंचे विशेष क्षेत्र होते. ‘दुर्गा झाली गौरी’ हे तिचे गाजलेले नाट्य. १९७८ साली त्यांनी ‘राजा रानी को चाहिये पसीना’ हा बालचित्रपटही दिग्दर्शित केला. १९८७च्या आरंभी अरविंद देशपांडे यांचे निधन झाले. त्याच वर्षी सुलभाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे अरुण काकडे यांच्यासह त्यांनी संस्था चालू ठेवली.

चित्रपटांतील त्यांच्या भूमिकांपैकी साहित्याच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावी ती श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’मधील (१९७७). हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटात सुलभाबाई नायिकेच्या आईच्या, शांताच्या भूमिकेत आहेत. गायिकांच्या घराण्यातून बाहेर पडून प्रतिष्ठित संसार हवा असलेली ही स्त्री मुलीच्या सिनेमात जाण्याला आणि केशवशी तिच्या लग्नाला विरोध करते. चित्रपटाची सहानुभूती मुलीकडे आहे. आई अडसर ठरते. ठराविक साच्यातील नटीने येथे खाष्टपणा रंगवला असता. सुलभाबाईंच्या रागाखाली मात्र भीती जाणवत राहते. जे आपण महत्प्रयासाने मागे टाकले त्याच्याकडेच मुलगी चालली आहे, ही ती भीती. शांताला कोणी दहा सेकंदही देत नाही. तरी तिचे न बोललेले स्वगत पडद्यावर आहे.

‘जैत रे जैत’ (१९७७), ‘गमन’ (१९७८), ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ (१९७८) यांपासून ‘इंग्लिश विंग्लिश’मधील (२०१२) सुनेच्या पाठीशी असणाऱ्या सासूपर्यंत ही मालिका पसरली आहे. दूरचित्रवाणीवर ‘एक पॅकेट उम्मीद’, ‘जी ले जरा’, ‘अस्मिता’ यांसारख्या मालिकांतून नवी पिढी त्यांना ओळखू लागली. या पिढीतील कित्येकांना ही आजी म्हणजेच बेणारे, याची कल्पनाही नसावी.

दूरचित्रवाणीच्या या कामाला उतरती कळा म्हणण्याची आपल्या अभ्यासकांत प्रथा आहे. तिच्यात तथ्य नाही असे नव्हे. मालिकेच्या लेखनात भूमिकेला आदि असतो, अंत नसतो. पुढच्या भागात पात्र काय करील हे नटाला ठाऊक नसते, त्यामुळे पहिल्या अंकात तिसऱ्याची बीजे पेरण्याची सोय तेथे उरत नाही. बेणारे घडली ती तालमीत नाटककाराशी वाद घालता आला म्हणून. मालिकेच्या चित्रीकरणस्थळी संवादाचा कागद ऐनवेळी हातात पडतो, तेथे असा वाद कुणाशी घालणार? उणीव असेल तर ती माध्यमाच्या या व्यवस्थेत शोधावयास हवी. तिचा दोष वयाला वा अभिनेत्रीच्या निवडीला देऊन आपण संहिता कशी घडते हा मूळ प्रश्नच टाळतो.

बेणारेचा पुरावा मात्र सुदैवाने छापील पानापुरता मर्यादित नाही. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये या नाटकावर केलेल्या चित्रपटात बेणारे सुलभाबाईंचीच आहे. पदव्युत्तर वर्गात संहिता शिकवताना तो चित्रपट शेजारी ठेवावा. रंगमंचावर थिजलेली माणसे स्वगतभर प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर असतात; कॅमेरा मात्र त्यांना चौकटीबाहेर ठेवू शकतो. ती दिसत असताना आणि दिसत नसताना त्याच शब्दांचा रोख कुणाकडे वळतो, हे विद्यार्थ्यांनी आधी वाचून आणि मग पाहून ठरवावे.