यंत्राला खोकता येत नाही

"सिस्टर, मशीन त श्वास देऊन राह्यली, मंग हे घरघर काहून होऊन राह्यली?"

बोलण्यावरूनच कळलं, माणूस आमच्या भागातला, जळगाव जामोद तालुक्यातला. त्याचा धाकटा भाऊ कपाशीवरचं फवारणीचं औषध पोटात गेल्यामुळे व्हेंटिलेटरवर होता. १९९०च्या दशकातली गोष्ट. मी अतिदक्षता विभागात नवीन होते. "कफ साचलाय दादा, काढते," एवढंच म्हणाले आणि सक्शनची नळी हातात घेतली. त्याच्या प्रश्नाचं पुरं उत्तर मला माहीत नव्हतं. ते समजायला पुढची बरीच वर्षं लागली.

निरोगी माणसाच्या श्वासनलिकेत दिवसभर ओलसर चिकट स्राव तयार होत असतो. आतल्या सूक्ष्म केसांची लव तो हळूहळू घशाकडे सरकवते आणि आपण नकळत गिळून टाकतो. जास्त साचलं की खोकला येतो. खोकताना आपण आधी खोल श्वास घेतो, मग स्वरयंत्राचं दार मिटतं, आत दाब वाढतो आणि दार उघडताच कफ बाहेर फेकला जातो. व्हेंटिलेटरची नळी नेमकी त्या दारातूनच आत जाते, त्यामुळे दार मिटतच नाही. झोपेच्या औषधांनी खोकल्याची जाणीव मंदावते. नळीचा फुगा स्रावाची वर जाणारी वाट अडवतो. कोरडी हवा स्राव आणखी घट्ट करते. यंत्र श्वास देतं, पण त्याला खोकता येत नाही. रोग्याच्या वाटचा खोकला दुसऱ्या कुणालातरी खोकावा लागतो.

अतिदक्षता विभागाची सुरुवातच या अडचणीतून झाली. ऑगस्ट १९५२मध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओचे रुग्ण रोज येत होते. श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांना हवा कमी पडत होतीच, शिवाय ते स्वतःच्याच लाळेत आणि कफात बुडत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवायला लावली, साचलेलं खेचून काढलं आणि रबरी पिशवी दाबून हाताने श्वास दिला. मुलगी वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले. ८० टक्क्यांच्या वर असलेला मृत्युदर काही महिन्यांत ४० टक्क्यांच्या आसपास आला. त्याच डेन्मार्कमधून १९५६मध्ये हाताने दाबायची अंबू बॅग आली. तालुक्याच्या दवाखान्यातही आज आपण "अंबू आणा" म्हणतो, ते तिलाच.

आपल्याकडे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात १९६८मध्ये अतिदक्षता विभाग उभा राहिला. त्यामागे डॉ. फारोख उदवाडिया यांचा पुढाकार होता. धनुर्वातावरचं त्यांचं काम पुढे पुस्तकरूपाने जगभर गेलं. धनुर्वाताच्या रुग्णाला आचके थांबवण्यासाठी औषधांनी आठवडेच्या आठवडे शिथिल ठेवावं लागतं. खोकला बंद, गिळणं बंद, आणि लाळ तर भरपूर. अशा वेळी छाती मोकळी ठेवणं हे औषधाइतकंच मोलाचं काम होतं, आणि ते परिचारिकांच्या हातात होतं.

मी शिकले तेव्हा आमच्यावर घड्याळाचं राज्य होतं. दर दोन तासांनी सक्शन, मग गरज असो वा नसो. नळी मशीनपासून सोडवायची, सलाईनचे पाच मिली आत सोडायचे आणि कॅथेटर खोलवर घालून ओढायचं. कफ पातळ होऊन निघेल, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. एका रात्री एका आजींच्या नळीत मी असंच सलाईन सोडलं. त्यांचं सॅच्युरेशन बघता बघता ऐंशीच्या खाली गेलं, नाडी मंदावली, डोळे विस्फारले. अंबूने श्वास देत त्यांना सावरलं, पण ते डोळे अजून विसरले नाही. पुढे कळलं की नुसत्या सलाईनने कफ पातळ होत नाही. उलट ऑक्सिजन घसरतो आणि नळीतले जंतू खाली ढकलले जाण्याची भीती असते.

पुढच्या वर्षांत जगभर या साध्या दिसणाऱ्या कामाचा बारकाईने अभ्यास झाला आणि आमचे हात बदलत गेले. सक्शनआधी शंभर टक्के ऑक्सिजन. कॅथेटर नळीच्या पोकळीच्या निम्म्याहून बारीक, म्हणजे बाजूने हवेला वाट राहते. आत राहायचं ते पंधरा सेकंदांच्या आत. फुग्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरइतका: कमी झाला तर लाळ खाली झिरपते, जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. आत जाणारी हवा ओलसर आणि कोमट, कारण घट्ट बेडका कुठलंच कॅथेटर ओढू शकत नाही. बंद सक्शन आलं, म्हणजे प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाहीत बंद असलेलं कॅथेटर, आणि रुग्णाला मशीनपासून न सोडवता काम करता येऊ लागलं. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१मध्ये, आम्हाला त्या बाहीचा फार आधार वाटला. नळी उघडी केली की विषाणू खोलीभर पसरेल, ही धास्ती तिने कमी केली.

सर्वांत मोठा बदल मात्र घड्याळ सोडण्याचा होता. आता रुग्ण सांगेल तेव्हाच सक्शन. तो सांगतो कसा? गळ्याशी स्टेथोस्कोप धरला की खरखर ऐकू येते. नळीत स्राव दिसतो. मॉनिटरवर हवेच्या प्रवाहाची रेघ करवतीच्या दातांसारखी थरथरू लागते. ठरल्या वेळी औषधाची वाफ देण्याची सवयही अशीच सुटली. नेदरलँड्समधला २०१८चा एक मोठा अभ्यास सांगतो की कफ पातळ करणारी औषधं नेमाने दिली काय आणि गरजेपुरती दिली काय, रुग्णाच्या मशीनवरच्या दिवसांत फरक पडत नाही. तीस वर्षांत मी काय शिकले, तर कमी वेळा हात घालायला आणि जास्त वेळ कान द्यायला.

आमच्या भागाला मात्र आणखी एक धडा शिकावा लागला. कापसाच्या पट्ट्यात व्हेंटिलेटरवर येणाऱ्या रुग्णांत ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेचे रुग्ण कायम असतात. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा राज्याचं तिकडे लक्ष गेलं. वऱ्हाडातल्या वॉर्डांना हे दृश्य नवं नव्हतं. या विषाने शरीरातल्या ग्रंथी थांबायलाच तयार नसतात. तोंडातून फेस, छातीत पाणी. इथे नुसतं सक्शन पुरत नाही, ओढाल तेवढं पुन्हा भरतं. त्यावरचं औषध अॅट्रोपिन पाच-पाच मिनिटांनी दुप्पट करत, छाती स्वच्छ ऐकू येईपर्यंत द्यावं लागतं. नंतर दोन-तीन दिवसांनी, सगळं ठीक वाटत असताना मान लुळी पडते आणि श्वास पुन्हा खचू शकतो. म्हणून आम्ही रोज सांगायचो, "मान उचलून दाखव बरं."

पण बरेच जण वॉर्डापर्यंत पोचायच्या आधीच हरतात. जामोद, सुनगाव, असलगाव किंवा डोंगरातल्या वस्तीवरून निघायचं, पूर्णा नदी ओलांडायची आणि शेगावमार्गे अकोला गाठायचं. किती जीपमध्ये मी हेच पाहिलं: रुग्ण उताणा, डोकं बायकोच्या नाहीतर आईच्या मांडीवर, हनुवटी छातीला टेकलेली. मायेनेच घेतलेलं असतं डोकं, पण तोंडातला फेस त्या वाटेने थेट फुप्फुसात उतरतो. २०१४मध्ये १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सुरू झाल्या, सक्शन यंत्र रस्त्यावर आलं, याचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला कुशीवर वळवा, तोंड जमिनीकडे राहू द्या, फेस कापडाने पुसत राहा. एवढं गावागावांत पोचलं पाहिजे. माहेरी गेले की बचत गटाच्या बायकांना मी हेच करून दाखवते.

त्या धाकट्या भावाची नळी नवव्या दिवशी काढली. नळी असताना माणूस खोकला तरी आवाज येत नाही, फक्त मशीनचा अलार्म वाजतो. नळी काढण्याआधी डॉक्टरांनी त्याला खोकायला सांगितलं, जोर पाहिला. नळी निघाली, क्षणभर शांतता, आणि मग घशातून फाटका, ओला, मोठा खोकला आला. दाराबाहेर बसलेला मोठा भाऊ धावत आत आला.

"सिस्टर, हा आवाज त त्याचाच हाय नं?"

"त्याचाच, दादा," मी म्हटलं. "आता आमचं काम तो करतोय."