हाय-लोचा दांडा

सोयगाव तालुका संभाजीनगर जिल्ह्यात आहे, पण जिल्ह्याच्या माथ्यावर नाही, पायथ्याशी आहे. अजिंठ्याची डोंगररांग मध्ये आडवी पडलेली. जिल्ह्याचं ठिकाण, सिल्लोड, अजिंठा गाव हे सगळं वर पठारावर. सोयगाव, फर्दापूर, बनोटी खाली, खानदेशाच्या मांडीवर. वेरूळ-अजिंठा म्हणून जग ज्याला ओळखतं त्यातली अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात, लेणापूरच्या शिवारात. लेणी पाहायला येणारे घाट उतरून येतात आणि चढून जातात, त्यांना घाट म्हणजे वळणं आणि फोटो. सोयगावच्या शेतकऱ्याला घाट म्हणजे एक आकडा. ट्रॉलीत किती टन भरायचे, हा तो आकडा.

कारण इथे माल दोन दिशांना जातो. पाचोरा, जामनेर, जळगावकडे कापूस नेला तर रस्ता जवळजवळ सपाट. मका सिल्लोडला न्यायचा तर फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट, नाहीतर वेताळवाडीच्या किल्ल्याखालून हळद्याचा घाट. कापूस दिसायला डोंगर, वजनाला हलका. मका दिसायला अर्धी ट्रॉली आणि वजनाला जीव काढणारा. म्हणजे जो माल जड, तोच नेमका वर चढवायचा. ट्रॅक्टर मात्र दोन्हीला एकच.

आमच्या नात्यातला एक भाचा दोन वर्षांपूर्वी नवा ट्रॅक्टर घ्यायला निघाला, तेव्हा घरात आठवडाभर एकच विषय होता. त्याचं सगळं लक्ष एचपीवर. 45 घ्यावा की 50? गावातले नाना, ज्यांची हयात स्टिअरिंगवर गेली, ते ओट्यावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एचपी काय विचारतोस भाऊ, सातव्या आणि आठव्या गिअरमध्ये अंतर किती ते विचार." भाचा हसला. मलाही तेव्हा ते म्हाताऱ्याचं तिरकं बोलणं वाटलं होतं. नंतर कागद-पेन घेऊन बसलो, तेव्हा कळलं की नानांनी एका वाक्यात सगळा हिशेब सांगितला होता.

आपल्याकडच्या साध्या ट्रॅक्टरला आठ गिअर पुढचे आणि दोन मागचे. महिंद्रा 575 डीआय घ्या, स्वराज 735 घ्या, गणित तेच. पण पेटीत खरे गिअर चारच असतात. शेजारी दुसरा आखूड दांडा असतो, हाय-लोचा. तो 'लो'वर टाकला की तेच चार गिअर संथ होतात, 'हाय'वर टाकला की चपळ. चार दुणे आठ. लोमधला पहिला म्हणजे ताशी तीनेक किलोमीटर, माणूस शेजारून चालत जाईल एवढा. हायमधला चौथा म्हणजे तीसच्या आसपास. नेहमीच्या मापाचा मागचा टायर धरून हिशेब केला, तर सगळ्यात खालच्या गिअरमध्ये इंजिन साधारण 165 ते 170 फेरे मारतं तेव्हा चाक एकदा फिरतं. सगळ्यात वरच्या गिअरमध्ये पंधरा-सोळा फेऱ्यांतच चाक फिरतं. इंजिन तेच, डिझेल तेच, पण ओढ दहापट-अकरापट कमीजास्त. ही किमया इंजिनाची नाही, त्या ओतीव लोखंडाच्या, काळ्या तेलात बुडालेल्या पेटीची आहे.

आता घाट. समजा ट्रॅक्टर दोन टनांचा, मागे ट्रॉली आणि मका मिळून सहा टन. एकूण आठ. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर चाकं नुसती गडगडत ठेवायला वजनाच्या दोन टक्के ओढ लागते असं धरलं, तर 160 किलोची ओढ झाली. ताशी 25च्या वेगाला हे काम जेमतेम 15 हॉर्सपॉवरचं. 45चा ट्रॅक्टर गाणी लावून जाईल. आता विसात एक असा चढ धरू. घाटरस्ते आखताना साधारण हेच माप धरतात. आठ टनांचा विसावा भाग 400 किलो, तो आधीच्या 160मध्ये मिळवायचा. 560 किलोची ओढ. त्याच 25च्या वेगाने चढायचं म्हटलं तर 52 हॉर्सपॉवर लागतात. पेटीत आणि डिफरन्शियलमध्ये होणारी घट वजा जाता 45च्या ट्रॅक्टरकडे चाकापाशी चाळीसही उरत नाहीत. म्हणजे आठवा गिअर बाद.

सातवा टाका. आठ गिअरच्या पेटीत हा साधारण 18च्या वेगाचा असतो. हिशेब येतो 37 हॉर्सपॉवर. चढतोय, पण काठावर. एखादं वळण तिखट लागलं, समोरून एसटी आली, वेग जरा मोडला की इंजिन गळपटतं, काळा धूर टाकतं. मग चढावर गिअर बदलायचा. क्लच दाबला त्या क्षणी आठ टन मागे ओढू लागतात. म्हणून जाणता माणूस सहाव्यातच चढतो. ताशी बारा-तेरा, 25 हॉर्सपॉवर, निवांत. पण वेळ दीडपट, आणि मागे वाहनांची रांग हॉर्न वाजवत.

नानांचा प्रश्न इथे बसतो. आठव्या-सातव्याच्या मध्ये 30 आणि 18 एवढी दरी, आणि सातव्या-सहाव्याच्या मध्ये जो 15चा गिअर हवा, तो नाहीच. पाच एचपी जास्त घेऊन जे साधत नाही, ते मधला एक गिअर साधतो. गेल्या काही वर्षांत 12 पुढचे आणि 3 मागचे गिअर असलेले ट्रॅक्टर आले, महिंद्राचा युवो त्यातलाच. अर्जुन नोवोला तर पंधरा पुढचे. त्यांची जाहिरात रोटाव्हेटर आणि पेरणीची होते. ट्रॉलीवाल्याने ती घाटासाठी वाचावी.

शोरूममध्ये आणखी एक शब्द कानावर येतो: बॅकअप टॉर्क. शब्द जडजंबाल, गोष्ट साधी. चढावर इंजिनाचे फेरे कमी झाले की चांगल्या डिझेल इंजिनाची पीळ देण्याची ताकद थोडी वाढते. थकलेला बैल मान खाली घालून खांदा लावतो तसं. हा बॅकअप जास्त असेल तर गिअरमधली दरी थोडी भरून निघते, पण बुजत नाही.

गिअर किती याइतकंच ते पडतात कसे हेही पाहावं. जुन्या पेट्या स्लायडिंग मेशच्या. गिअर स्वतः सरकून दुसऱ्याच्या दातांत दात घालतो, आणि वेग जुळला नाही तर जो आवाज होतो तो सगळ्या गल्लीला ऐकू जातो. कॉन्स्टंट मेशमध्ये दात आधीच एकमेकांत अडकलेले असतात, फक्त त्यांना शाफ्टशी जोडणारी कॉलर सरकते. जॉन डिअर 5050 डीची पेटी या कॉलरच्या धर्तीची. सिंक्रोमेश त्यापुढचा, तो वेग आपोआप जुळवतो, मोटारगाडीसारखा. चालत्या ट्रॉलीला चढावर गिअर बदलण्याची वेळ आलीच, तर सिंक्रोमेश आणि स्लायडिंग मेश यांतला फरक पोथीतला राहत नाही. फिटर लोक सांगतात की पेटी खोलायची वेळ बहुतेकदा दातांमुळे येत नाही, क्लच प्लेटमुळे येते. चढावर ट्रॉली अर्ध्या क्लचवर तोलून धरायची सवय असेल, तर कुठलीही कंपनी वाचवू शकत नाही.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण ते रस्त्यातच आहे. सोयगावहून शेंदुर्णी जवळ. शेंदुर्णीवरून पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडी जायची. भागातल्या म्हाताऱ्यांनी तिच्या खिडकीतून उतरून पुन्हा चढल्याच्या कथा सांगाव्यात आणि आपण हो म्हणावं. भारतातल्या नॅरोगेजसाठी चित्तरंजनच्या कारखान्यात जी काही डिझेल इंजिनं बनली, त्यांत मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याने शोधलेलं ट्रान्समिशन होतं. त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. गाडी हलवताना ताकद तेलाच्या लोटातून, टॉर्क कन्व्हर्टरमधून जाते. तिथे झटका नाही आणि ओढ दामदुप्पट. वेग आला की तेलाचा मार्ग बाजूला पडतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं, कारण तेलाच्या लोटात ताकद तापून वाया जाते. हेच सुरी पुढे दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे संचालक होते, आणि 1965च्या सुमारास तिथे पूर्ण देशी आराखड्याच्या ट्रॅक्टरचं काम सुरू झालं. तो आराखडा पंजाबने उचलला, 1974मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सने तो बाजारात आणला आणि नाव ठेवलं स्वराज. 2007मध्ये कंपनी महिंद्राकडे गेली, नाव राहिलं. ज्या माणसाने रेल्वेच्या गिअरचा प्रश्न सोडवला, त्याच्या संस्थेतून आपल्या बांधावरचा ट्रॅक्टर आला. कुणी ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात घातली नाही याचं मला वाईट वाटतं.

अमेरिकेत शेतकरी ट्रॉली ओढतो ती पिकअपने. तिथले पिकअप आपल्या बोलेरोच्या दुप्पट, डिझेल इंजिन सहा-साडेसहा लिटरचं, मागे जनावरांचा किंवा गवताच्या गाठींचा ट्रेलर. त्यांचा वादही आपल्यासारखाच: कुठली पेटी ओढीला टिकेल? जनरल मोटर्सने 2001च्या डिझेल पिकअपला ॲलिसनची ऑटोमॅटिक पेटी दिली. ॲलिसन म्हणजे मोठ्या ट्रकच्या पेट्या करणारी कंपनी. रॅम या पिकअपमध्ये हातानं टाकायचा गिअर 2018पर्यंत मिळत होता, मग तोही बंद झाला. आता तिथे जड डिझेल पिकअप म्हणजे ऑटोमॅटिक, आठ ते दहा गिअरची. तत्त्व सुरींचंच: हलताना तेल, धावताना थेट जोड. तिथे ओढीचं एक बटन असतं. ते दाबलं की पेटी वरचा गिअर लवकर टाकत नाही, आणि उतारावर आपणहून खालचा गिअर धरून इंजिनाने गाडी रोखते. नाना हे बटन न दाबता करतात.

त्या पिकअपचा ऑटोमॅटिक तेल थंड करायला वेगळा कूलर मागतो, बिघडला तर संगणक मागतो. सोयगावच्या बसस्टँडजवळच्या फिटरकडे पाने आहेत, पुलर आहे, जॅक आहे. त्यामुळे आपल्याकडे ओढीला ऑटोमॅटिक येणार की नाही हा वाद मला सध्या निरर्थक वाटतो.

बोलेरो पिकअप मात्र तालुक्यात भरपूर, तिची गोष्ट वेगळी. ती ओढत नाही, पाठीवर घेते. साधारण सव्वा-दीड टन. पाच गिअर आणि ताशी पन्नासने घाट. मिरची, भाजी, दूध, बकऱ्या यांना ती बरी, सकाळच्या बाजाराला वेळेवर पोचते. ट्रॉलीभर मका तिच्यात न्यायचा तर तीन-चार फेऱ्या. ट्रॅक्टर दिवस मोडतो पण एकदाच.

गिअरने सगळं होतं असंही नाही. मागच्या चाकांवर भार किती, हा दुसरा अर्धा प्रश्न. दोन टनांच्या ट्रॅक्टरचा मागच्या चाकांवर 1,300 किलो भार धरला, तर कोरड्या डांबरावर ती साताठशे किलो ओढ सहज पकडतात. पहिल्या पावसात रस्त्यावर माती आली की हीच पकड साडेचारशेवर येते, आणि आपल्याला हवेत 560. पेटी कितीही ताकद देऊ दे, चाक जागेवर फिरतं. दोनचाकी ट्रॉली आपलं काही वजन हुकावर टाकते, त्याने पकड वाढते; चारचाकी ट्रॉली तसं करत नाही. पण हुक उंच बांधला असेल तर तोच ओढा पुढची चाकं उचलतो, आणि स्टिअरिंग हातात नुसतं राहतं. पुढे लोखंडी वजनं अडकवतात ती याचसाठी. मागच्या टायरमध्ये पाणी भरतात ते पकडीसाठी.

ही सगळी मापं खरी किती आणि पत्रकातली किती, हे तपासायची सोय देशात आहे. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे ट्रॅक्टर ड्रॉबारला जोडून ओढ मोजतात, अहवाल काढतात. अशी परीक्षा सक्तीची केली ती अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने. विल्मॉट क्रोझियर नावाचा शेतकरी आमदार ट्रॅक्टर घेऊन फसला होता. त्याने पुढाकार घेऊन 1919मध्ये कायदा करून घेतला की परीक्षा दिल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. आपल्याकडे अहवाल आहेत, पण ते मागणारा गिऱ्हाईक मी शोरूममध्ये अजून पाहिला नाही. गिऱ्हाईक सीटचा रंग आणि बोनेटचा आकार पाहतो. मीही पाहिला होता.

चढाची एवढी चर्चा झाली, पण नाना उताराला जास्त घाबरतात. भरल्या ट्रॉलीला बहुतेकदा स्वतःचे ब्रेक नसतात. सिल्लोडहून खत किंवा सिमेंट भरून खाली येताना सहा टन मागून ढकलतात आणि थांबवायला फक्त ट्रॅक्टरची दोन चाकं. शेतात वळण्यासाठी दोन्ही ब्रेकचे पेडल वेगळे ठेवलेले असतात. रस्त्यावर ते खिट्टी लावून जोडले नाहीत, तर एकच चाक धरलं जातं आणि ट्रॉली कोयत्यासारखी मिटते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारी पोरंही असतात. न्यूट्रलमध्ये पेटी सुटते, इंजिन रोखत नाही, ब्रेक तापतात, आणि चालत्या वेगात गिअर परत पडत नाही, विशेषतः स्लायडिंग मेशमध्ये. नानांचा नियम आहे की ज्या गिअरने चढलो त्याच्या वरचा उतारावर नाही, आणि तो घाटाच्या तोंडावरच टाकायचा, मध्ये शोधायचा नाही.

भाच्याने शेवटी बारा गिअरचा घेतला. नाना सोबत गेले होते. त्यांनी एचपी विचारला नाही, खाली वाकून हुकाची उंची बोटाने मोजली. पहिली मक्याची खेप सिल्लोडला टाकून तो रात्री परतला तेव्हा नाना ओट्यावरच होते.

"किती गिअर वापरले रे?"

भाच्याने बोटं मोजली. "जाताना चार. येताना दोन."

"आणि ट्रॉलीच्या चाकाखाली लावायला दगड नेला होता का?"

तो नेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी वाघूर नदीच्या पात्रातून दोन चांगले दगड निवडून आणले, टूलबॉक्सच्या शेजारी तारेने बांधले. ते अजून तिथे आहेत.