हृद्रोग, श्रम आणि विषाणुज्वर
वैनगंगेकाठच्या गोसीखुर्द परिसरात भाताची रोवणी व इन्फ्लुएंझाची पावसाळी लाट बहुधा एकाच सुमारास येतात. हृद्रोग्याने तेव्हा श्रम करावेत काय? एरवी रोजचे चालणे हितकरच. कॅलिफोर्नियातील ४८,४४० कोव्हिड-रुग्णांच्या पाहणीत (२०२१) नियमित व्यायाम करणाऱ्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण कमी आढळले. ज्वर चढला की मात्र हिशेब उलटतो. कॉक्सॅकी विषाणूची बाधा झालेल्या उंदरांना १९७० च्या एका प्रयोगात पोहावयास लावले असता त्यांच्या हृदयातील विषाणू शेकडो पटींनी वाढले. इन्फ्लुएंझाच्या पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे ६ पट होतो, असे ओंटारिओतील संशोधनाने २०१८ मध्ये दाखविले. हृत्स्नायुदाह झाल्यास ३ ते ६ महिने जड श्रम वर्ज्य सांगतात. रोवणीच्या मजुरास हा सबंध हंगामच होय.