ओळंब्याच्या साक्षीने भाजे

भाजे लेणी म्हणजे मुळात बौद्ध भिक्षूंचा मठ. राहायला विहार, पाण्याची पोढी आणि वंदनेसाठी चैत्यगृह. हे चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले. त्यातले २७ अष्टकोनी खांब ताठ नाहीत, माथ्याकडे आत कललेले आहेत. फोटो काढणाऱ्याची खरी परीक्षा या कलापाशी होते.

कलाचे कारण लाकूडकामात सापडते. कमानदार लाकडी छप्पर खांबांना बाहेर रेटते, म्हणून सुतार ते आत कलते रोवत. डोंगरात कोरलेल्या छताला असा रेटा नसतो. तरी पाथरवटांनी सुताराची रीत तशीच उचलली. छताला बसवलेल्या लाकडी फासळ्या आजही आहेत, आणि त्या कशाचाही भार पेलत नाहीत! पुढे बेडशाला कल कमी होतो, कार्ल्याला खांब उभे ताठ होतात. लेण्यांचा काळ ठरवताना एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन यांनी हा कल पुरावा म्हणून वापरला होता.

आता कॅमेरा छताकडे उचलून पाहा. ताठ भिंतीही वर एकमेकींकडे झुकतात आणि भाज्याचा कल आहे त्याहून जास्त दिसतो. उलट, संगणकावर उभ्या रेषा सरळ करणारी सोय वापरली की कल नाहीसा होतो. माझा एक फोटो छापताना असेच ‘सुधारून’ खांब ताठ केले गेले. चित्र देखणे झाले, पण भाज्याचे कार्ले झाले.

म्हणून बिबवेवाडीहून निघताना माझ्या पिशवीत गवंड्याचा ओळंबा असतोच. तो लेण्याला नव्हे, वेगळ्या काठीला टांगायचा आणि चौकटीत येऊ द्यायचा. मग दोरी आणि खांब यांतले अंतर वाचकालाच दिसते. कॅमेरा पाणसळीने सपाट ठेवायचा, भिंग खांबांच्या दोन ओळींच्या बरोबर मध्ये. छत कापले जात असेल तर मागे सरायचे. दर्शनी बाजूचा लाकडी पडदा कधीच गेला असल्याने भाज्याला मागे सरता येते. बेडशाला ती सोय नाही; तिथे समोर कातळच ठेवलेला आहे.

ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी. लेणे पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे ऊन दुपारनंतर आत येते. मळवलीहून चढायला तेव्हाच निघावे, आणि मूळ फोटो कोणतीही रेषा सरळ न करता जपून ठेवावा.