हा धक्का पहिला की शेवटचा?

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि परभणी-नांदेडपर्यंतची घरे हादरली. त्याच वर्षी २१ मार्चच्या सकाळीही तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला होता व काही मिनिटांतच ३.६ तीव्रतेचा दुसरा आला होता. हा टापू सोनपेठपासून ईशान्येस शंभरेक किलोमीटर. दक्षिणेस जवळजवळ तेवढ्याच अंतरावर किल्लारी. त्यामुळे येथे फडताळातली भांडी वाजली की जाणत्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. हा धक्का येथेच थांबणार, की मोठ्याची वर्दी देऊन गेला?

किल्लारीकरांनाही हा प्रश्न पडला होता. १९९२ साली त्या परिसरात धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. लोक घराबाहेर झोपू लागले. पुढे धक्के ओसरले, माणसे घरात परतली. २९ सप्टेंबर १९९३ ची अनंत चतुर्दशी, दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्वाच्या सांगतेची तिथी, पार पडली. त्याच रात्री, ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, भूमी फाटली. साडेनऊ हजारांहून अधिक जीव गेले.

मग १९९२ चे धक्के ही पूर्वसूचना होती काय? आज मागे वळून पाहताना तसे म्हणता येते. त्या वेळी म्हणता आले नसते. याचे कारण भौतिकशास्त्राच्या एका साध्या प्रतिकृतीतून कळते. ती बरिज व नोपॉफ या शास्त्रज्ञांनी १९६७ साली, म्हणजे कोयनेच्या भूकंपाच्याच वर्षी, मांडली. खडबडीत फरशीवर धान्याच्या पोत्यांची रांग आहे, प्रत्येक पोते शेजारच्याशी स्प्रिंगने जोडलेले आहे आणि एक फळी सर्वांना अगदी सावकाश पुढे ओढते आहे, अशी कल्पना करावी. ताण साठत जातो. कधी एकच पोते सरकते, कधी चार, आणि क्वचित सारी रांग धडाडून पुढे जाते. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत असल्याने दख्खनच्या खडकातही ताण असाच साठतो.

या खेळातील मर्म असे की, एक पोते सरकले आणि थांबले, आणि एक पोते सरकून सारी रांग घेऊन गेले, या दोहोंची सुरुवात सारखीच दिसते. प्रयोगशाळेत दाबाखाली धरलेला खडक फुटण्यापूर्वी बारीक तड्यांची संख्या वाढताना आढळते, हे खरे. भूगर्भात मात्र लहान धक्क्यांपैकी बहुतेक तसेच विरून जातात. कॅलिफोर्नियातील अनुभव असा की शंभरांतील पाच-सहांच्याच पाठोपाठ त्याहून मोठा येतो. व्यापाऱ्याला हे नवीन नाही. खाते कच्चे झाले आहे हे वही दाखवते. ते कोणत्या तारखेला बुडेल हे दाखवत नाही. चीनने १९७५ साली हाइचेंग शहर वेळीच रिकामे करवून असंख्य प्राण वाचवले, पण पुढच्याच वर्षी तांगशानला तशी सूचना मिळाली नाही आणि दोन लाखांहून अधिक माणसे दगावली.

आपल्याकडे कोयना परिसर हीच प्रयोगशाळा झाली आहे. धरणाच्या पाण्याशी निगडित भूकंप तेथे दशकानुदशके होत आहेत. कराड येथील केंद्रीय संस्थेच्या देखरेखीखाली तेथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडकाचा ताण त्याच्या उगमाजवळ मोजण्याचे काम हाती घेतले गेले. हा मार्ग दीर्घ आहे आणि उत्तराची हमी नाही.

तोवर भिंतींचा हिशेब मात्र करता येतो. किल्लारीत माणसे जमिनीने नव्हे, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने मारली. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी तेथील सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली, हे समाजाला ठाऊक आहेच. त्या मुलांची घरे ज्या पद्धतीची होती, तसे वाडे मराठवाड्याच्या जुन्या पेठांत अजून उभे आहेत. गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी माळवदावर मातीचा नवा थर घालण्याची रीत आहे. जुना थर कोणी काढत नाही, आणि ओझे थरागणिक वाढत जाते. ती माती उतरवून हलके छत घालणे, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड बसवणे आणि छताखाली चारी भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा ओतणे, ही कामे गावातला गवंडी अभियंत्याच्या सल्ल्याने करू शकतो. दुकानाचे नूतनीकरण करताना फरशी आणि काचेच्या दर्शनी भागावर जो खर्च होतो, त्याच्या अंदाजपत्रकात मागच्या खोलीची ही भिंत सहसा नसते. घरातली वडीलधारी माणसे झोपतात ती मात्र त्याच खोलीत.