उंची कमी केलेल्या जुन्या मर्सिडीजची मागील चाके : बिघाड आणि दुरुस्ती

जुनी आलिशान मोटार विकत घ्यावी, आखूड स्प्रिंग बसवून तिची उंची तीन-चार सेंटिमीटरने कमी करावी आणि मग काही महिन्यांतच मागील दोन्ही टायर बदलण्याची पाळी यावी, हा अनुभव अनेक शौकिनांना येतो. बाहेरून पाहता टायर नवा वाटतो. झीज झालेली असते ती आतील कडेला, आणि गाडी रॅम्पवर चढविल्याशिवाय ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पुष्कळदा त्या कडेच्या पोलादी तारा उघड्या पडल्यावरच मालकाला दोष कळतो. द्रुतगती मार्गावर असा टायर फुटला, तर गाडीचा मागील भाग सावरणे कुशल चालकालाही कठीण जाते. त्यामुळे हा प्रश्न केवळ टायरच्या खर्चाचा राहत नाही.

या दृष्टीने मर्सिडीज-बेंझची ‘डब्ल्यू १२४’ श्रेणी हे उत्तम उदाहरण ठरते. १९८४च्या अखेरीस सादर झालेल्या या मोटारीचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. टेल्कोच्या भागीदारीत १९९४मध्ये स्थापन झालेल्या मर्सिडीज-बेंझ इंडियाने १९९५मध्ये पुण्याजवळील पिंपरी येथे याच गाडीच्या जुळणीने आपले उत्पादन सुरू केले. त्या गाड्यांनी आता सुमारे तीस वर्षांचे आयुष्य पार केले आहे आणि त्यांतील रबरी भागांनीही.

या गाडीचे प्रत्येक मागील चाक पाच स्वतंत्र दांड्यांनी, म्हणजे लिंकनी, धरलेले असते. कंपनीने ही रचना प्रथम १९८२च्या ‘१९०’ या लहान गाडीत वापरली होती. चाक वर-खाली होताना प्रत्येक लिंकचे टोक आपापल्या वर्तुळाकार मार्गाने सरकते आणि त्या पाचांच्या मेळातून चाकाचा कल व दिशा ठरते. गाडीची उंची कमी करणे म्हणजे, यंत्राच्या भाषेत, चाक कायमचे वर ढकलून ठेवणे होय. डिकी सामानाने आणि मागील आसन प्रवाशांनी भरल्यावर चाक ज्या स्थितीत येते, तीच स्थिती रिकाम्या गाडीला कायमची बहाल केली जाते.

या स्थितीत दोन कोन बदलतात. पहिला कॅम्बर. समोरून किंवा मागून पाहता चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असेल, तर त्यास ऋण कॅम्बर म्हणतात. उंची उतरली की तो वाढतो. दुसरा कोन म्हणजे टो. दोन्ही चाके वरून पाहता त्यांच्या पुढील कडा परस्परांकडे वळलेल्या असल्यास टो-इन आणि विरुद्ध दिशेला वळलेल्या असल्यास टो-आउट. मागील चाकांना कारखान्यातून थोडे टो-इन दिलेले असते, कारण त्यामुळे गाडी सरळ रेषेत स्थिर राहते. टो-आउट झाले, तर ब्रेक लावताना किंवा मार्गिका बदलताना मागचा भाग भरकटल्यासारखा वाटतो.

टायर खाण्याचा दोष बहुतेकदा कॅम्बरच्या माथी मारला जातो, कारण तो डोळ्यांना दिसतो. खरा अपराधी बहुधा टो असतो. नुसत्या दोन अंशांच्या ऋण कॅम्बरने आतील कडेवर भार वाढतो हे खरे. तथापि टो योग्य असेल, तर टायर बऱ्यापैकी टिकतो. टो मात्र टायरला आडवा ओढतो. एका चाकाचा टो अर्ध्या अंशाने चुकला, तर भूमितीच्या हिशेबाने ते चाक दर किलोमीटरला सुमारे पावणेनऊ मीटर आडवे घासले जाते. दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात हे अंतर ८७ किलोमीटर होते. रबराची लवचिकता त्यातील काही भाग सोसते, सगळा नाही. पंधरा इंची रिमवर हाच अर्धा अंश म्हणजे कडेपाशी जेमतेम सव्वातीन मिलिमीटर. नुसत्या नजरेला तो कळणे जवळपास अशक्य. ऋण कॅम्बर आणि चुकलेला टो एकत्र आले की सारे घर्षण आतील अरुंद पट्ट्यावर एकवटते.

दुरुस्तीचा आरंभ अलाइनमेंट यंत्रापासून करू नये. आधी लिंकचे रबरी बुश, सबफ्रेमचे माउंट आणि चाकाकडील खालचा बॉल जॉइंट तपासावा लागतो. तीस वर्षांचे रबर फाटलेले असेल, तर यंत्रावर जुळविलेला कोन पहिल्याच खड्ड्यात बदलतो. खड्ड्याने एखादी लिंक वाकलेली असणेही दुर्मीळ नाही. स्प्रिंगच्या टोकाशी बसणारी रबरी गादी या गाडीत वेगवेगळ्या जाडीची मिळते आणि तिच्यावरील उंचवट्यांच्या संख्येवरून जाडी ओळखली जाते. डावी-उजवी उंची समान करण्याचा, किंवा अतिरेकाने खाली आलेली गाडी किंचित वर घेण्याचा, तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

येथे एक चूक फार वेळा घडते. लिंकचे बोल्ट गाडी लिफ्टवर टांगलेली असतानाच आवळले जातात. बुशमधील रबर धातूला घट्ट चिकटलेले असते. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि पिळलेलेच राहते. त्यामुळे उंची फसवी येते आणि नवा बुशही लवकर फाटतो. अंतिम आवळणी गाडीचे वजन चाकांवर असतानाच केली पाहिजे.

त्यानंतर टायरमधील हवा योग्य करून, सस्पेन्शन दाबून-सोडून स्थिरावल्यावर चारही चाकांचे मोजमाप घ्यावे. केवळ पुढील दोन चाकांपुरते अलाइनमेंट करून देणारी केंद्रे आजही आढळतात. या कामासाठी ती निरुपयोगी आहेत. मागील टो जुळविण्याची सोय कारखान्यानेच दिलेली आहे : टो ठरविणाऱ्या लिंकच्या आतील टोकाशी विकेंद्री बोल्ट असतो, तो फिरविला की चाकाची दिशा बदलते. दोन्ही बाजूंचा टो समान असणे महत्त्वाचे. तो असमान राहिला, तर मागील चाके गाडीला तिरपी ढकलतात आणि सरळ जातानाही स्टिअरिंग वाकडे धरावे लागते. म्हणूनच आधी मागची चाके आणि मग पुढची, हा क्रम पाळला जातो.

कॅम्बर जुळविण्याची सोय मात्र मूळ गाडीत नाही. विकेंद्री बोल्टने टो आवाक्यात आला आणि कॅम्बर थोडाच अधिक राहिला, तर पुष्कळ प्रसंगी तेथेच थांबणे शहाणपणाचे. तो फारच वाढला असेल, तर कॅम्बर ठरविणारी वरची लिंक काढून लांबी बदलता येणारी लिंक बसवितात. ती लांब केली की चाकाचा वरचा भाग बाहेर सरकतो आणि ऋण कॅम्बर घटतो. कॅम्बर बदलला की टो पुन्हा हलतो, त्यामुळे टो शेवटी जुळवायचा. अशी लिंक घेताना किमतीपेक्षा तिच्या टोकांची मजबुती पाहावी. तिच्यावर चाक तोललेले असते.

याहून जुन्या, म्हणजे ‘डब्ल्यू १२३’ किंवा ‘डब्ल्यू १२६’ या गाड्यांत मागे तिरप्या एकसंध आर्मची रचना आहे. तेथे कॅम्बर आणि टो एकाच आर्मच्या हालचालीने बदलतात आणि एक सुधारताना दुसरा बिघडतो. अशा गाडीची उंची फार न उतरविणे हाच व्यवहार्य उपाय.

भारतात आणखी दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शक सूचनांत गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर ठरविलेली होती. प्रत्यक्षात गावोगावचे गतिरोधक या मोजमापाला फारसे जुमानत नाहीत. दुसरी बाब कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला आहे. स्प्रिंग बदलण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा केलेली बरी.

काम झाल्यावर यंत्रावरील आकड्यांचा कागद जपून ठेवावा. हजारेक किलोमीटरनंतर गाडी थंड असताना मागील टायरच्या आतील कडेवरून हात फिरवून पाहावा. खाचांची एक बाजू धारदार आणि दुसरी गुळगुळीत लागली, तर टो अद्याप चुकलेला आहे असे समजावे. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरलेला टायर बदलावाच लागतो, आणि ही खोली आतील कडेला मोजायची असते.